पलंगाला मऊ पाठ

सातारा, ११ मार्च २०२५

चि. सौ. दीपालीस अनेक आशीर्वाद. इकडे क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

माझ्या पेन्सिलीचे अपहरण झाले आहे. श्लोकांखाली रेघा ओढून ओढून करंगळीएवढी उरलेली ती पेन्सिल काल तुझ्या चंदनबालावहिनीच्या कानामागे सापडली. सुतार खोचतो तशी.

चंदनबालाने घरीच हेडबोर्ड, म्हणजे पलंगाला टेकायची मऊ पाठ, करायला घेतला आहे. प्लायवूड कापून आणले, त्यावर फोम, फोमवर जाड सुती कापड. रेशीम आपल्या जैन घरात चालत नाही, नाहीतर तेही आले असते. मी पूर्वपक्ष मांडला की बिनपाठीच्या पलंगावर आपण इतकी वर्षे सुखाने झोपलो. उत्तर म्हणून तिने कापडाचे टोक माझ्या हाती दिले. आधी मध्यातून ताणायचे, मग कडा, कोपरे शेवटी. शास्त्रीबुवांचा जोर सगळा तोंडातच, असेही ऐकवले. मला मधेच खाली बसावे लागले. ऊन फार होते. प्लायवूड आणण्याआधी तिने मला पलंगावर भिंतीला टेकवून बसवले होते आणि मागे खुडबुड केली होती. ओल तपासत असावी.

आता मूळ शंका. पत्र लिहितो आहे, कारण माझा मोबाईल ती खुशाल उघडते. तुझा फोन आला की ती परसात जाते. मी मागे गेलो की तुम्ही कैरीच्या लोणच्यावर येता. यंदाची कैरी अजून बोराएवढी आहे. मऊ पाठ लागते ती अंथरुणात बसून राहणाऱ्याला. तिला काही झाले आहे का? मी हल्ली आरामखुर्चीत वाचता वाचताच झोपतो, त्यामुळे तिची झोप कशी आहे हेही मला ठाऊक नाही. खरे सांग.

संशयासकट लोभ असू दे.

तुझा,
कल्लाप्पाअण्णा

सांगली, १७ मार्च २०२५

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पेन्सिलीच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. वहिनीला काही झालेलं नाही. लय ठणठणीत हाय मी, असं तिनं मुद्दाम सांगायला सांगितलंय. लोणचं खोटं होतं, ते डोकं माझं.

पण अण्णा, पेन्सिल कशाला लागली ते विचारलंत का? ओल बघायला पेन्सिल लागत नाही. तुम्ही टेकून बसलात तेव्हा तिनं तुमच्या डोक्यामागे भिंतीवर खूण केली आणि फळी त्या खुणेच्या वर येईल अशी कापून आणली. स्वतःसाठी करायची असती तर ती स्वतः बसली असती. ती तुमच्या खांद्याला लागते.

आरामखुर्चीत पुस्तक उघडं असतं, पण दिवा बंद असतो, असं वहिनी म्हणते. तुम्हाला विचारायचं नाही असं तिनं ठरवलंय, कारण विचारलं की तुम्ही संस्कृतात उत्तर देता. म्हणून मी विचारते. तुम्ही आडवे का होत नाही?

रागावलात तर रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
दीपाली

सातारा, २२ मार्च २०२५

चि. सौ. दीपालीस अनेक आशीर्वाद.

पेन्सिल परत मिळाली. पाठ पलंगाला लागली. एका कोपऱ्यात कापडाला सुरकुती राहिली आहे, ती मी धरलेल्या बाजूची.

आडवा झालो की श्वास पुरत नाही. आधी एक उशी वाढवली, मग दुसरी, मग खुर्चीत गेलो. शाळेचा जिनाही थांबत थांबत चढतो. तिला कळू नये म्हणून वाचनाचे सोंग घेतले, आणि शंका मात्र तिच्यावरच घेतली.

आज दुपारी टेकून बसलो. डोके नेमके मऊ जागी आले. चंदनबाला शेजारी पावटे सोलत होती. तिने एकदा मान वर करून पाहिले. मग मीच सगळे सांगितले, साध्या मराठीत. तिने सुपातले पावटे बाजूला ठेवले आणि तुला कळवायला सांगितले.

तिकडच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घे. आता फोन परसात नको, माझ्यासमोरच कर. त्यांनी काही वाईट सांगितले तर चंदनबाला एकटी कशी राहील, याची मला भीती वाटते. दुसरे काही नाही.

तुझा,
अण्णा