माझा तिसरा कोपरा

१ जानेवारी, बुधवार

नव्या वर्षाचे संकल्प. डोनट बंद. दारातला बर्फ रोजच्या रोज काढायचा. पक्ष वाचवायचा.

शेवटचा सगळ्यात सोपा, कारण उपाय माझ्याकडे तयार आहे. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी गव्हर्नर व्हिटकोम आणि सिनेटर ब्रँडवोल्ड यांची अगदी काट्याची टक्कर चाललीय. आणि फैसला कसा होणार? तर आम्ही आयोवातली माणसं कॉकसच्या, म्हणजे पक्षाच्या मतसभेच्या, संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जमणार, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहणार आणि डोकी मोजणार. बरोबरी झालीच तर नाणं उडवणार. नाणं! शी! देश चालवायला द्यायचाय की पिझ्झाचा उरलेला तुकडा? जन्मभर मक्याचं बियाणं विकलं मी, पण छापा-काटा करून एक पोतं नाही विकलं.

४ जानेवारी

बर्फ पडला. पाठ धरली. उद्या काढीन.

योजना पक्की. जिममध्ये तिसरा कोपरा काढायचा, कुणाच्याच बाजूच्या नसलेल्या शहाण्या माणसांचा. दोघांनाही आमच्याशिवाय बहुमत मिळत नाही म्हटल्यावर येतील नाक घासत. मग माझी अट अशी की दोन्ही उमेदवारांनी एका टेबलाशी बसायचं, मध्ये एक तटस्थ, अनुभवी, वयानं मोठा माणूस, आणि एकजण माघार घेईपर्यंत कुणालाही कॉफी नाही. मधला माणूस कोण, ते ओघानं आलंच.

आर्डिसला सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, वेगळंच आहे हं. स्वतःच्या बायकोकडून इतकं मोकळं कौतुक कितीजणांच्या नशिबी असतं!

९ जानेवारी

घरातच फितुरी. आर्डिस गव्हर्नरवाली निघाली. नुसती निघाली नाही, प्रतिनिधी व्हायचंय तिला. आमच्या वॉर्डातून जिल्हा अधिवेशनाला पाच माणसं जातात. गव्हर्नरवाल्यांनी तिचं नाव तिसरं घातलंय. म्हणजे जिममध्ये त्यांचा कोपरा वरचढ ठरला तरच ती जाणार. निळा कोट आणून ठेवलाय त्यासाठी. म्हणते, तीस वर्षं पक्षाच्या कॉफ्या केल्या, आता एकदा खुर्चीत बसून दुसऱ्याच्या हातची पिईन. मी म्हटलं, अगं, माणूस गौण असतो, पद्धत महत्त्वाची. ती म्हणाली, कचरा बाहेर ठेवून ये.

१४ जानेवारी

कॅफेत प्रचार केला. आर्डिसचा भाऊ डुएन तिथेच होता. शाळेत कुस्तीचा कोच आहे, आणि यंदा कॉकस तोच चालवणार. शिट्टीवर माणसं हाकायची त्याला सवयच आहे. खो-खो हसला. म्हणाला, व्हर्लिनराव, त्या कोपऱ्यात दालचिनी रोलचं टेबल असतं, राखणीला कुणीतरी लागतंच. टवाळ लेकाचा.

बाकीचे मात्र समंजस. बाराजण तरी म्हणाले, बघू या. शेजारची लव्हॉन सिनेटरवाली आहे, पण तीसुद्धा म्हणाली, बघू या व्हर्लिन. म्हणजे तेरा नक्की.

एक डोनट खाल्ला. प्रचारखर्च.

२१ जानेवारी, संध्याकाळी ६

खुद्द गव्हर्नरांचा फोन! मला नावानं हाक मारली. माझ्या पाठिंब्याची किती गरज आहे ते सांगितलं. मग मी योजना सांगितली, अगदी टेबल आणि कॉफीसकट. एकदाही मध्ये तोडलं नाही. किती ऐकून घेणारा माणूस!

२२ जानेवारी

रेकॉर्डिंग होतं म्हणे. आर्डिस सांगते, तिलाही तस्साच आला. तिच्या वारलेल्या मावशीलासुद्धा येतो. लाज वाटायला हवी! मी यंत्रापुढे डोकं फोडत बसलो आणि आर्डिसनं शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकलं, पण एक शब्द बोलली नाही. तरी कुठेतरी नोंद झालीच असेल.

२८ जानेवारी

वीट आला. टीव्ही लावावा तर सिनेटर म्हणतात गव्हर्नर खोटारडा, गव्हर्नर म्हणतात सिनेटर विकलेला. काल दोघेही आमच्या कॅफेत येऊन गेले, सकाळी एक, दुपारी एक, आणि दोघांनीही पोर्कचं सँडविच काट्या-चमच्यानं खाल्लं. काट्या-चमच्यानं! एवढं मोठं सँडविच दोन हातांत धरता येत नाही त्यांना, आणि देश सांभाळणार. किळस येते नुसती.

बर्फ अजून तसाच आहे. आता पाठ नाही, तत्त्व आडवं येतं. सगळा वेळ पक्षाला.

३ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

आज कॉकस. भाषण आरशापुढे म्हणून पाहिलं. आरसा भारावला. तिसऱ्या कोपऱ्यासाठी घरातल्या सहा घडीच्या खुर्च्या गाडीत टाकल्या. उरलेल्यांना उभं राहावं लागेल. आर्डिसनं निळा कोट घातलाय. बरा दिसतो.

४ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही. पण इतिहासासाठी लिहितो.

तिसऱ्या कोपऱ्यात मी होतो. आणि खुर्च्या. 'बघू या'वाले तेराही दुसरीकडे उभे राहून माझ्याकडे बघत होते. पहिली मोजणी झाली तेव्हा गव्हर्नर त्रेचाळीस, सिनेटर त्रेचाळीस, आणि दालचिनी रोलपाशी एक. डुएननं शिट्टी फुंकली आणि जाहीर केलं, एकट्यादुकट्याचा कोपरा चालत नाही, अर्ध्या तासात दोघांपैकी एक कोपरा धरायचा, नाहीतर मत बाद.

आणि अख्खी जिम माझ्याकडे वळली! दोघांना दोन-दोन प्रतिनिधी मिळणारच होते. पाचवा माझ्या एका मतावर. मी सांगितलं होतं की नाही! लव्हॉन घरच्या चॉकलेट बार्सचा डबा उघडून पुढे आली. डुएनसुद्धा अहो-जाहो करायला लागला, आणि या वेळी थट्टेनं नाही. मग आर्डिस आली. निळ्या कोटाची बटणं चाचपत हळूच म्हणाली, व्हर्लिन, ये ना रे इकडे. एवढंच. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं काही मागितल्याचं आठवत नाही.

जाणारच होतो. देवाशपथ जाणार होतो. पण आधी भाषण नको? एवढी माणसं गप्प बसून माझ्याकडे बघतायत, असं पुन्हा कधी होणार होतं! खुर्चीवर चढलो. उमेदवारी कशी ठरवावी ते मुळापासून सांगितलं. टेबल झालं, कॉफी झाली, काटा-चमचा झाला. आर्डिस खालून मनगटावर बोट आपटत होती. मला वाटलं, रंगलंय म्हणून ठेका धरतेय. शेवटी नाण्यावर आलो. म्हटलं, अध्यक्ष नाण्यावर ठरवणाऱ्या पक्षाची मला किळस येते, आणि म्हणूनच मी माझं मत...

शिट्टी.

डुएन माझा मेहुणा आहे, तरी म्हणाला, वेळ संपली, मत बाद.

मग नाणं. तेही कुणाकडे असेना, सगळे कार्डवाले. खिसे चाचपले तर माझ्याच खिशात एक निघालं. उडवलं. सिनेटर जिंकले, पाचवी जागा लव्हॉनची. आर्डिसनं तिला मिठी मारली, अभिनंदन केलं, कोट काढून खुंटीला टांगला आणि कॉफीची मोठी किटली घासायला घेतली.

येताना गाडीत मी म्हटलं, पद्धतच सडकी आहे. ती म्हणाली, हो. मागे खुर्च्या खडखडत होत्या.

१० फेब्रुवारी

आर्डिस अतिशय सभ्यपणे वागतेय. प्लीज म्हणते, थँक यू म्हणते. भांडली असती तर बरं झालं असतं. निळा कोट दुकानात परत केला. म्हटलं, ठेवायचास, रंग छान होता. म्हणाली, कशाला?

दोष माझा नाही, नियमांचा आहे. जिल्हा अधिवेशनाकडे सूचना पाठवलीय. टेबलासकट, अठरा पानी.

बर्फ काढायला गेलो तर दार साफ. तिनंच काढला होता.

२१ मार्च, शनिवार

जिल्हा अधिवेशन. मी मागे पाहुण्यांच्या बाकावर. आर्डिस स्वयंपाकघरात, हॅमची सँडविचं करायला. माझी सूचना वेळेअभावी बाजूला ठेवली. वेळेअभावी! अठरा पानांना वेळ नाही, आणि राष्ट्रगीत दोनदा, कारण पहिल्यांदा माईक बंद होता. शी!

रागानं तिथेच एकोणिसावं पान लिहायला घेतलं. मान वर केली तर अख्ख्या सभागृहाचे हात वर. जेवायची सुट्टी असणार म्हणून मीही केला. मग व्यासपीठावरून मंजूर झालेला नियम वाचून दाखवला. कॉकसमध्ये कोपरा बदलायच्या वेळात कुणीही एका मिनिटापेक्षा जास्त बोलायचं नाही. सर्वानुमते. गव्हर्नरवाले आणि सिनेटरवाले या वर्षात पहिल्यांदाच एक झाले होते. माझा हात मोजला नाही. पाहुण्यांना मत नसतं.

मांडणारी लव्हॉन माईकपाशी उभीच होती. म्हणाली, टाळ्या मला नकोत, सूचना आर्डिस हॉगनची आहे. खरं तर आज या खुर्चीत तीच असायला हवी होती.

सगळे उठून उभे राहिले. आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात आली, अंगावर एप्रन, हातात किटली. लाजली. मीही टाळ्या वाजवल्या, जोरात, तिला दिसतील असे हात उंच करून.

मग ती पुढच्या रांगेपासून एकेकाला कॉफी ओतत निघाली. माझ्यापर्यंत येईतो किटली संपली होती.