नेलपॉलिशच्या खुणा

११ ऑक्टोबर
गावच्या भजनी मंडळाचा साउंडचा मिक्सर दुरुस्तीला आलाय, आज मरोळला शेठच्या साउंडच्या गोडाऊनमध्ये उघडला. आत चिऱ्याची तांबडी धूळ. बोटाला लागली, पुसली नाही बराच वेळ.
वीज पडून आतला बोर्ड काळा झालाय. शेठ बघून म्हणाले, "भंगारात टाक, सुध्या." पण फेडर, आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या खुंट्या, आठही ठणठणीत. मंडळाचा साउंड बाबाच बघायचे; खाली त्यांनी नावं लिहिलेली पांढरी पट्टी तशीच. बुवा, पेटी, पखवाज, झांज... प्रत्येक फेडरच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका. ताईची बाटली संपवली होती त्यांनी. बुवांचा आवाज इथे, पखवाज इथे. अंधारात सुद्धा हात बरोबर जायचा.

१२ ऑक्टो.
आईचा फोन. मंडळाने नवीन मिक्सर घेतला. त्याला बटणं नाहीत, सगळं टॅबवर. बाबांचं बोट टॅबला कळतच नाही. काजूच्या कारखान्यात काम करून चिकाने बोटांची सालं गेलीत. रेशनच्या मशीनवर पण ठसा येत नाही. आता टॅब मंडळातला नित्या धरतो. बाबा मागे बसून वायरी गुंडाळतात.


१५ ऑक्टो.
रुप्याला सांगितलं. मुलुंडहून येतो, आमच्याकडे लॅपटॉपचं तोच बघतो. म्हणाला, "फेडर काढ ना यार. छोटा बोर्ड लाव, यूएसबीने टॅबला जोडू. बाबा फेडर सरकवणार, टॅबवरचा सरकणार."
फेडरला तीन पाय. दोन कडेच्यांना करंट, मधला बोर्डाला. आवाज आता त्यातून जाणारच नाही, नुसता आकडा जाणार. कसंतरीच वाटलं. पण काचेपेक्षा बरं.

१९ ऑक्टो.
आठही जोडले. हात दोनदा भाजला. चालू केलं तर अर्ध्यापर्यंत पडद्यावर काही हलेना आणि पुढे धाडकन वर.
रुप्या हसला. "अरे येड्या, हे आवाजाचे फेडर. यांची चाल वाकडीच असते. थांब, सरळ करतो."
कोडमध्ये काय केलं त्यालाच माहीत. लोण्यासारखं चालायला लागलं. झकास! दोघांनी कटिंग मारली.

२५ ऑक्टो.
बोरिवलीला ट्रॅव्हल्सवाल्याकडे खोका दिला. मिक्सरचं जुनंच पत्र्याचं खोकं, जुनीच पट्टी, जुने ठिपके. एकाला हात लावला नाही. गाडी सुटेपर्यंत उभा होतो. खोका निघाला गावाला, मी चकाल्याला खोलीवर.

१ नोव्हें.
व्हिडिओ कॉल. देवळात सगळे. नित्याने जोडलं. बाबांनी डोळे मिटून बुवांचा फेडर ठिपक्यावर नेला. माईक असा किंचाळला की बुवांनी कानावर हात ठेवले.
पखवाज ठिपक्यावर. तोही फुटला.
बाबांनी हात काढला. म्हणाले, "ह्यो माझो न्हय."
नित्या म्हणाला, "काका, ठिपके पुसा, नवे मारूया." बाबा उठून वायरी गुंडाळायला गेले. नित्याच्या हातात फोन, मला बाबांची नुसती पाठ.
आम्ही चाल सरळ केली. त्यांचा हात त्या वाकड्या चालीवर बसलाय. एवढं साधं डोक्यात कसं आलं नाही!

३ नोव्हें.
रुप्या म्हणतो, "हवी तशी वाकवून देतो. पण त्यांच्या ठिपक्याला आवाज किती होता, सांग."
बाबांना फोन लावला.
"बाबा, बुवांच्या ठिपक्यावर किती असायचा?"
"जितको व्हयो तितको."
"अहो पण किती?"
"ता कानाक कळता रे. फोनार कसा सांगू?" मग म्हणाले, "तू बाजूक बसलस तर जमात."
रुप्यालाही तेच वाटतं. बाबा सरकवणार, बुवा गाणार, बाजूला कोणीतरी लॅपटॉप घेऊन एकेक फेडर लावत जाणार. मला दाखवून ठेवलंय त्याने. नित्याला विचारलं. "माका ता जमाचा नाय," म्हणतो.

६ नोव्हें.
२२ ला जत्रा. मंडळाची भजनाची बारी आहे. शेठकडे रजा मागितली. २२ लाच पवईला मोठं लग्न. "तू नसलास तर माझी वाट लागेल रे. बघू."
बघू म्हणजे नाही. दोन गणपतींना गावी जायचं असंच 'बघू'वर राहिलं. आज लोडिंगला नव्या पोराने वायर कोपरावर गुंडाळली. बाबा असते तर टपली मारली असती. वायर हातात गोल घ्यायची, तिचा पीळ राखून. मी काढून परत गुंडाळली. उगाच.

९ नोव्हें.
दुपारी बाबांचाच फोन. ते कधी करत नाहीत.
"जेवलस?"
"हो. तुम्ही?"
"हां."
त्यांच्या मागे कसलातरी आवाज. खस... खस... वर, खाली. ओळखला. फेडर. कशाला जोडलेला नाही, ओटीवर नुसता घेऊन बसलेत. ठिपके पुसले का विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.
"सुध्या, जत्रेक येतलस मां?"
समोर शेठ कोणाला तरी पवईचा पत्ता सांगत होते. मी तोंड उघडलं आणि...
तिकडचं खस खस थांबलं. मध्येच कुठेतरी. बाबा फेडरवर बोट ठेवून थांबलेत, वाट बघत.