राहात्याचा गूळ आणि राजूरचा पाला

केडगाव,
ता. २१ जानेवारी १९७१, दिवेलागण

प्रिय पुंजाराम मास्तर,

एलियाचा तुला सलाम, घरच्या मंडळींना यथायोग्य, आणि तुझ्या गुडघ्यांची वेगळी विचारपूस. राजूरच्या थंडीत ते कुरकुरत असतील. (ट्रेनिंग कॉलेजात असताना तू डोंगर चढायचास आणि मी पायथ्याशी बसून डोंगरावरच्या कविता म्हणायचो. आता दोघेही पायथ्याशीच.) माझ्या प्रकृतीचे विचारशील, तर ती माझी सोडून बाकी सगळ्यांची झाली आहे.

मधुमेहाचे निदान झाल्यापासून दयाने, म्हणजे माझ्या नातीने, माझ्या तोंडावर पहारा बसवला आहे. पहाटे भिजवलेल्या मेथ्या, त्यावर कारल्याचा रस, दुपारी जांभळाच्या बियांची पूड. ज्या तोंडाने छत्तीस वर्षे मुलांना चालीवर कविता शिकवल्या, त्या तोंडाची ही शोभा! (कारल्याच्या वेलावर मी स्वतः चौथीला कविता शिकवली आहे. कवीने फुलांचा पिवळा रंग फार गोड वर्णिला होता. रसाबद्दल मात्र तो चकार शब्द बोलला नव्हता.) एवढे कडू पोटात गेले, पण पोट तसूभर मागे सरले नाही. सदऱ्याचे खालचे बटण अजून लागत नाही.

अशात तू तो बेडकीचा पाला पाठवलास. दोन पाने चावली की जिभेला गोड कळेनासे होते, मग गोड खायची वासनाच राहत नाही, असे तू लिहिले होतेस. खरे निघाले. साखर तोंडात टाकली तर वाळू चघळल्यासारखे झाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण उगाच रडू आले. दयाची आजी मनकर्णा असताना सणाला दुधाच्या शेवया करायची, ती चव आठवायला गेलो तर तीही वाळूच झाली.

आता मुख्य गोष्ट. दयाला राहात्याचे स्थळ आले आहे, आणि ते मी काल बिघडवले.

दयाचे आईबाप नाशिकला असतात. ती पाच वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ. त्यामुळे घर पाहायला मीच जावे असे ठरले. मुलगा जॉर्ज साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर मोजतो. मागच्या नाताळात दोघांनी एकमेकांना पाहिले आणि दया त्या दिवसापासून भाकरी करताना गुणगुणते. (चाल चुकते, पण मी दुरुस्त करत नाही.) मुलाचा बाप आसाराम हा गुळव्या. रस कधी उतरवायचा हे काहिलीवरच्या फेसाकडे पाहून सांगणारा, पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. पाहुणचारात मोह नको म्हणून मी नगरच्या स्टँडवरच दोन पाने चावून एस.टी.त बसलो.

आसारामने मला थेट गुऱ्हाळावर नेले. त्यांच्यात रीत अशी, की पाहुण्याच्या हातावर ताज्या गुळाचा खडा ठेवायचा, त्याने चाखून चार माणसांत शब्द द्यायचा, मग पुढची बोलणी. छबूबाई, मुलाची आई, कौतुकाने म्हणाली, "आमी तर म्हनतो मास्तर, इस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस लागायच्या आत लगीन उरकू. म्हंजी महिन्यात सून घरात." मी खडा तोंडात टाकला. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, "रंग सुरेख आहे, आसारामभाऊ. पण गोडी नाही."

पुंजाराम, त्याने हातातला झारा काहिलीवर आडवा ठेवला. मग आसाराम म्हणाला, "मास्तर, तीस वर्सं काहिलीपुढं उभा हाय. गूळ काळा निघाला असंल, मऊ निघाला असंल. गोड न्हाई, असं आजवर कुनी म्हनलं न्हाई."

"अवं, पानी द्या त्यांना," छबूबाई म्हणाली, "यस्टीची धूळ बसली असंल जिभंवर."

"ज्याला आमचा गूळ गोड लागंना, त्याला आमचा पोरगा कसा गोड लागंल?" एवढे बोलून आसाराम काहिलीकडे वळला तो वळलाच. मला चहा मिळाला, पण बिनसाखरेचा. ("कळतच न्हाई तर कशाला नासायची?" इति छबूबाई.) बोलणी तिथेच थांबली. घरी येऊन दयाला सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि आज दिवसभर गुणगुणली नाही.

बाकी सर्व ठीक, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझा,
एलिया

ता. क. – पाला तुझा, तेव्हा निस्तरायचेही तूच. एक जुडी घेऊन राहात्याला जा. आसारामला दोन पाने चाव म्हणावे आणि वर त्याचाच गूळ खायला दे. दोष पाल्याचा, मास्तरचा नाही, हे त्याला कळेल.

ता. क. दुसरा, शुक्रवार सकाळ – काल डिंक सापडला नाही म्हणून पाकीट उघडे राहिले, ते बरे झाले. दया रोज सकाळी माझी लघवी निळ्या औषधात घालून नळी तापवते. आज नळी विटेसारखी लाल झाली, म्हणजे साखर चिक्कार. ती म्हणाली, "आजोबा, परवा येताना रुमालात काय आणलं होतं?" आसारामचाच गूळ आणला होता, पुंजाराम. चांगला अर्धा शेर. दोन दिवस चोरून खात होतो. तुझ्या पाल्याचा अंमल तासभर टिकतो. मी तो चावला सातला आणि खडा तोंडात टाकला अकराला. इतका गोड गूळ मी जन्मात खाल्ला नव्हता. पण छबूबाई "महिन्यात" म्हणाली, आणि मला एकदम दिसले, की संध्याकाळ झाली आहे, माझ्या डोळ्यांना पुस्तकाचे बारीक अक्षर लागत नाही आणि रोजच्यासारखे वाचून दाखवायला दया घरात नाही. तोंडातून ते वाक्य निघून गेले. दया रागावली असती तर बरे झाले असते. तिने नळी धुतली आणि माझ्यासाठी मेथ्या आणून ठेवल्या.

पाला नेऊ नकोस. बुधवारी दहाला राहात्याच्या स्टँडवर ये. आसारामशी मीच बोलेन. तू फक्त एवढेच कर, की मी परतीच्या गाडीकडे वळलो तर माझा हात धर.