पांढरा पट्टा आणि मागचं दार

२ जुलै, मंगळवार

आज ठरवलं. कराटे शिकायचं. वय सत्तेचाळीस, म्हणजे काही उशीर झालेला नाही.

कालच्या प्रकाराशी याचा संबंध नाही, हे आधीच लिहून ठेवतो. काल दुकानात एकजण झोपेच्या गोळ्या मागत होता. डॉक्टरची चिठ्ठी जुनी, घडी घालून घालून चार तुकडे व्हायला आलेली. मी बाणेदारपणे सांगितलं, नवी चिठ्ठी आणा, त्याशिवाय गोळ्या मिळणार नाहीत. (शेठ शेजारी उभे होते. ते नसते तरी हेच सांगितलं असतं. बहुतेक.) तो म्हणाला, तू बाहेर ये, मग सांगतो तुला. डोक्यावर लाल हेल्मेट, हात केवढाले. मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि खोकल्याच्या औषधांचं शेल्फ लावायला घेतलं. ते खरंच विस्कटलं होतं.

दुकान बंद झाल्यावर मागच्या दाराने निघालो. मागच्या गल्लीत हवा बरी असते.

४ जुलै, गुरुवार

नाव घातलं. क्लास सकाळी सहाला, शाळेच्या हॉलमध्ये. हिला म्हटलं, शुगरसाठी जातोय. ही म्हणाली, तुम्हाला शुगर नाहीये. म्हटलं, ती होऊ नये म्हणूनच. हिने भाजी चिरायला घेतली. पटलं असावं.

कराटेचे सर अंगाने माझ्या निम्मे. मला वाटलं, हॉल उघडायला आलेले गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, कुणी त्रास देतंय का? म्हटलं, छे छे, छंद. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

संकल्प : महिनाअखेर दुकानाच्या पुढच्या दाराने बाहेर पडायचं. एकट्याने. छाती काढून. लाल हेल्मेट समोर असलं तरी.

५ जुलै, शुक्रवार

ड्रेस मिळाला. पट्टा पांढरा. गाठ तीनदा सुटली, एकदा पँटही. सर म्हणाले, होतं असं सुरुवातीला. बाकी कुणाचं झालं नव्हतं.

बाकी सगळी कॉलेजची पोरं. मोठ्या वयाचे दोघंच, मी आणि एक बाई. त्यामुळे आमची जोडी लावली. बाई माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या, खालची डावी दाढ ना? माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाई! गेल्या वर्षी दाढ काढताना मी जो गोंधळ घातला, तो त्या विसरल्या असतील अशी आशा होती. विसरलेल्या नाहीत.

८ जुलै, सोमवार

आज मनगट सोडवायचं शिकवलं. समोरच्याने मनगट धरलं की आपण त्याच्या अंगठ्याच्या दिशेने हिसका द्यायचा. तंत्र सोपं आहे, मला लगेच समजलं. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं आणि म्हणाल्या, रिलॅक्स, अजिबात दुखणार नाही. सवयीने मी तोंड उघडलं.

मनगट सुटलं नाही. स्त्रियांवर जोर लावायला मला जमत नाही, संस्कार आडवे येतात. त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, लावा हो जोर, मी काही म्हणणार नाही. मग लावला. तरी सुटलं नाही.

फार दुखलं तर मांडीवर थाप मारायची, म्हणजे समोरचा सोडतो. दुसऱ्या फेरीला डॉक्टरीणबाई माझ्याकडे यायला निघाल्या तेव्हाच मी थाप मारली. पोरं हसली. सर हसले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुपारी दुकानात फोनची रिंग वाजली आणि हातातून सिरपची बाटली पडली. बाटल्या हल्ली गुळगुळीत येतात.

१० जुलै, बुधवार

ओरडण्याचा सराव. ठोसा मारताना पोटातून आवाज काढायचा, त्याने समोरच्याचं पाणी पाणी होतं. क्लासमध्ये माझा आवाज घशातच राहिला. म्हणून घरी बाथरूममध्ये नळ सोडून ओरडलो. खालच्या मजल्यावरचे काका धावत वर आले. कोण पडलं, कोण पडलं? ही म्हणाली, कुणी नाही, यांना शुगर नाहीये.

काकांना काही समजलं नाही. मलाही नाही. पण काका घाबरले होते हे नक्की. म्हणजे आवाजात दम आहे.

१५ जुलै, सोमवार

तो आला होता.

काचेतून त्याला गाडी लावताना पाहिलं. एकदम आठवलं की आतल्या खोलीत मुदत संपलेला माल तपासायचा राहिलाय. आत गेलो, दार ओढून घेतलं आणि डायपरच्या खोक्यांमागे उभा राहिलो. गुडघे वाकवून, कराटेच्या पवित्र्यात. पायांना उत्तम व्यायाम झाला.

नंतर शेठ म्हणाले, तो तुमची चौकशी करत होता, तो टकला चष्मेवाला कुठाय म्हणून. मला राग आला. मी टकला नाही, माझं कपाळ मोठं आहे. शेठनी विचारलं, त्या गोळ्यांवरूनच ना अजून? म्हटलं, काही नाही, जुनी ओळख. दुकानातल्या मशीनवर बीपी बघितलं. मशीन बिघडलंय, एवढं कुणाचं नसतं.

आजही मागच्या दाराने.

१८ जुलै, गुरुवार

या गावात लाल हेल्मेटं किती आहेत, याची मला कल्पनाच नव्हती. आज सकाळी एक समोरून आलं तेव्हा मी चपलांच्या दुकानात शिरलो. हेल्मेट काढल्यावर आतून आजीबाई निघाल्या. तोवर दुकानदाराने माझ्या पायाचं माप घेतलं होतं, त्यामुळे चपला घ्याव्या लागल्या. ही म्हणाली, या तुम्हाला लहान होतात. म्हटलं, कातडं सैल होतं. अंगठ्याला फोड आला. म्हणून उद्या क्लासला सुट्टी.

२२ जुलै, सोमवार

सरांनी गादी धरली आणि बुक्की मारा म्हणाले. मारली. गादीला लागली नाही, कारण डोळे मिटले होते. सरांच्या कोपराला लागली. माझीच बोटं सुजली.

क्लास सुटल्यावर सरांनी थांबवून घेतलं. म्हणाले, तुम्ही कुणाला तरी घाबरता. म्हटलं, कामाचा ताण. ते म्हणाले, भीती वाटत असेल तर घरी बोला, एकट्याने बाळगू नका. आता हे काय कराटे झालं? मी एखादा जालीम डाव मागायला आलोय, आणि हे मला बायकोपाशी रडायला सांगतात. सर बदलावेत का, असा विचार आला.

हिला सांगण्याचा प्रश्नच नाही. ही घाबरट आहे. उगाच जिवाला लावून घेईल.

२६ जुलै, शुक्रवार

आज पुढच्या दाराने बाहेर पडायचं पक्कं केलं होतं. शटरपर्यंत गेलोही. शेठनी शटरला नवं तेल घातलं होतं, शर्ट खराब झाला असता. मागच्या दाराने निघालो.

गल्लीत कुत्रं भुंकलं तेव्हा मी ओरडलो. पोटातून. पहिल्यांदाच जमलं.

२९ जुलै, सोमवार

जमेल तेवढं नीट लिहितो.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला ही अचानक दुकानात आली. म्हणाली, चला, आज चालत जाऊ. मी म्हटलं, मागच्या गल्लीने छान हवा असते. ही म्हणाली, पुढून. आणि निघालीसुद्धा. शेठ हिशोबाच्या वहीत डोकं घालून बसले होते. मी निघालो.

तो समोरच होता. गाडीला टेकून उभा, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. ओ मेडिकलवाले, म्हणून हाक मारली आणि रस्ता ओलांडून सरळ आमच्या अंगावर आला.

पुढचं थोडं मला आठवत नाही. कोणता पवित्रा घेतला, घेतला की नाही, ठाऊक नाही. भानावर आलो तेव्हा मी हिच्या पाठीमागे होतो. दोन्ही हातांनी हिचे खांदे धरलेले. तंत्राच्या दृष्टीने ही जागा अगदीच चुकीची नाही, कारण हल्ला मागूनही होऊ शकतो.

हिने त्याला विचारलं, काय काम आहे? तो म्हणाला, तुमच्याशी काही नाही, यांच्याशी बोलायचंय. ही म्हणाली, यांच्याशी म्हणजे माझ्याशीच, बोला. तो हिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारणार. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याचा चेहराच उतरला. चुकून लहान पोराला रडवल्यावर माणसाचा उतरतो तसा. म्हणाला, जाऊ द्या वहिनी, सांभाळून न्या त्यांना. गाडी काढली आणि गेला.

घरी येईपर्यंत मीच बोलत होतो. मागून संरक्षण कसं करतात ते समजावून सांगितलं. ती पर्स ठेवून खुर्चीत बसली आणि खांदे चोळायला लागली. म्हणाली, शेठनी पहिल्याच आठवड्यात मला फोन केला होता. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. का नाही सांगितलंत?

म्हटलं, तू घाबरशील म्हणून.

ती म्हणाली, घाबरलेच होते. मागे सरकायचं होतं, पण मागे तुम्ही होतात.

३० जुलै, मंगळवार

क्लासला गेलो नाही. ड्रेस वाळलेला नाही. वाळलाय. गेलो नाही.

कालपासून एकच वाक्य कानात बसलंय. त्यावर उत्तर काढायला दिवसभर बसलो, गिऱ्हाइकांना दोनदा चुकीची पाकिटं दिली.

३१ जुलै, बुधवार

महिनाअखेर. पुढच्या दाराने बाहेर पडलो.

ही घ्यायला आली होती. कालही आली होती, ते लिहायचं राहिलं. ती रस्त्याच्या बाजूने चालते आणि मी भिंतीच्या. लाल हेल्मेट कुठे दिसलं नाही. आता तो येणारही नाही, त्याला माझी दया आली आहे. मला लाज वाटते. रात्री जेवण जात नाही इतकी वाटते.

चालता चालता म्हटलं, उद्यापासून तू येऊ नकोस, मी येईन एकटा. ती बरं म्हणाली. पुढे कोपऱ्यावर एक गाडी जोरात वळली. मी थांबलो. तीही थांबली.

मग म्हटलं, उद्या आलीस तरी चालेल.

ती म्हणाली, येणारच होते.