घासून लख्ख केलेला नॉनस्टिक तवा

उंद्री, मंगळवार

आदरणीय महामायाअक्कास,
धाकटा भाऊ जानराव याचा सप्रेम जयभीम. मेहकरच्या हवेत तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला, की त्यांनी सांगणंच थांबवलं? आम्ही दोघं ठणठणीत आहोत, असं मी गेल्या आठवड्यापर्यंत छातीठोकपणे लिहिलं असतं. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण मी फोनवर बोलू लागलो की रुख्मिणी शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते (मास्तरकीत मी जन्मभर पोरांची केली, ती अशी फिटते आहे).

तर झालं असं. आपल्या अश्वजितची बायको धम्मशीला मागच्या खेपेला पुण्याहून आली, तेव्हा तिने सासूसाठी नॉनस्टिक तवा आणला. आईंना बीपी आहे, यावर तेल कमी लागतं, असं म्हणून स्वतः हातात दिला. रुख्मिणीला इतका आनंद झाला, की तिने तो वापरलाच नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता दाखवत राहिली. एकच गोष्ट तिला खुपत होती. तवा काळा होता. आता आपल्याकडे भांडं काळं म्हणजे बाई आळशी, हे तुला मी काय सांगू. मांडणीवर सगळी भांडी चकाकताहेत आणि मधोमध हा काळाठिक्कर. लोक सूनबाईला नावं ठेवतील, असं तिच्या मनाने घेतलं, आणि एका दुपारी राख, तारेची घासणी आणि विटेचा चुरा घेऊन ती नळापाशी बसली.

काजळी काही सहजासहजी निघेना. (मी ओट्यावर पेपर वाचत होतो आणि ‘‘थे कडेले राह्यलं पाय’’ असं मार्गदर्शनही करत होतो. भाऊजींना सांगू नकोस.) अर्धा तवा पांढरा झाल्यावर तिचे हात भरून आले, म्हणून त्या संध्याकाळी तिने त्यावर धिरडी केली. त्यात बारीक काळं काहीतरी होतं. मला वाटलं तीळ. मी तिळाचं कौतुक करून आणखी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने उरलेला काळेपणा घालवला, आणि तवा असा लख्ख झाला की त्यात तोंड दिसावं. त्यानंतर मात्र त्याला चिकटलेलं धिरडं उलथन्याने खरवडूनही निघेना.

हे मी आमचे शेजारी प्रेमानंद यांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. तो काळा थर म्हणजे रसायन, त्याने काय काय होतं याची त्यातला माणूस यादी सांगत होता, आणि त्यातला प्रत्येक आजार मला तिथल्या तिथे होत गेला. घरी येऊन मी आरशात जीभ पाहिली. ती मला निळसर वाटली (खिशातलं पेन मी तोंडात धरतो, हे नंतर लक्षात आलं).

चिखलीच्या डॉक्टरीणबाई शहाण्या निघाल्या. म्हणाल्या, गिळलेले कण बहुतेक जसेच्या तसे बाहेर पडतात. ज्या रसायनाची एवढी धास्ती आहे, ते पूर्वी हा थर बनवताना वापरायचे, आता बहुतेकांनी सोडलंय. रिकामा तवा धूर निघेस्तोवर तापवू नका, लाकडी उलथनं वापरा, आणि खरवडलेला तवा टाकून द्या. मी विचारलं, टाकून द्यायला अजून त्यावर काही उरलंय का? त्यांनी माझं बीपी तपासलं. ते रुख्मिणीपेक्षा जास्त निघालं.

पण रुख्मिणीला विषाचं काहीच नव्हतं. चिखलीहून परतताना बसमध्ये ती म्हणाली, ‘‘पोटात गेलं थे जाऊ द्या हो. सूनबाई आयतवारी येऊन राह्यली. तिले काय दाखवू? म्हनीन, सासूले तवाबी कळत नाही.’’ आणि डोळ्याला पदर लावला. अक्का, मला फार वाईट वाटलं. आम्हाला मुलगी नाही, ती या पोरीला जपून जपून बोलते, हे तू पाहिलंच आहेस. तव्यापायी ते नातं बिघडेल, अशी तिला धास्ती बसली आहे.

तुझा,
जानराव

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. तवा तुला फार आवडला म्हणून तू घेऊन गेलीस, असं मी धम्मशीलाला परवाच फोनवर सांगून टाकलं आहे. तिने विचारलं तर हो म्हण. जमलं तर दोन शब्द कौतुकाचेही बोल.

ता. क. (रुख्मिणीच्या हातचं) बाई, जयभीम. यायनं पाकीट पोस्टात टाकाले माह्याजवळ देलं, तं मी वाचलं. लय राग आला. सूनबाईले फोन करून खरं सांगून टाकलं. पोरगी आधी रडली, मंग हासत बसली. म्हने, आई, मले वाटलं तुमाले तवा आवडलाच नाही, म्हनून देऊन टाकला. दोन दिसापासून तिच्या घशाखाली घास उतरला नाही. मी इकडं तिले भ्यावं, अन् थे तिकडं मले. आयतवारी लोखंडाच्या तव्यावर धिरडे शिकाले येऊन राह्यली. तुमीबी या.

ता. क. पाकीट मी पुन्हा उघडलं आहे. अक्का, त्या दोघी एक झाल्या, चांगलं झालं. पण आता या घरात खोटा मी एकटाच उरलो. तेव्हा रविवारी येताना कुठलाही एक तवा पिशवीत घालून आण, आणि दारातच म्हण, ‘‘जान्या, तुहा तवा घे बे परत.’’