तेवीस रिकाम्या घरांतली माणसे

प्रति,
मा. संचालक,
पुनर्विकास व घरवाटप कार्यालय,
प्लाया ओंदा, पुएर्तो रिको.

विषय : इमारत क्र. ६ मधील चोवीस राहती घरे मोजणीत एकच धरल्याबद्दल, व इमारत पाडण्यापूर्वी चोवीसच्या चोवीस परवडणारी घरे मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ११ मार्चचे पत्र, व त्याच पाकिटातून आलेली किल्ली.

महोदय,

मी, एउदोसिया लेब्रोन, वय ७१, लास असेरोलास या सरकारी वसाहतीत इमारत क्र. ६ च्या चौथ्या मजल्यावर अडतीस वर्षे राहते. आपल्या पत्रानुसार आमच्या इमारतीतील तेवीस घरे रिकामी आहेत व एका घरात, म्हणजे माझ्या, एकेचाळीस माणसे दाटीने राहतात. रिकाम्या घरांच्या बदल्यात घर देण्याचा नियम नाही, सबब नव्या इमारतीत आम्हा सर्वांना मिळून एक घर मंजूर झाले आहे. उरलेली घरे समुद्र दिसतो म्हणून बाजारभावाने विकली जाणार आहेत. शिवाय जादा चाळीस माणसे तीस दिवसांत घराबाहेर काढावीत, अशी मला ताकीद आहे. त्यांतले कोणीही माझ्याकडे राहत नसल्याने ती मी कशी काढावी, याचाही खुलासा व्हावा.

२. आपले मोजणीदार श्री. ओकेंदो २२ डिसेंबरला आले. त्या दिवशी अख्खी इमारत नाताळचे पास्तेलेस पानांच्या पुड्यांत बांधायला एका घरात जमते, हे या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कच्ची केळी कोणी किसायची, पाने कोणी पुसायची, सारण कोणी शिजवायचे, हे वर्षानुवर्षे ठरलेले आहे. गेल्या वर्षी पाळी माझ्या घराची होती. श्री. ओकेंदो यांनी बाकीची दारे बंद का, असे विचारले. त्यावर शेजारच्या एर्मिनियाबाई त्यांना म्हणाल्या, "अहो, आज कोण घरी बसतंय? सगळे इथंच आहेत. आधी बसा, खा, मग काय ते लिहा." ते बसले. खाल्ले. लिहिलेही.

३. त्यांच्या मोजणीच्या कागदावर सही माझी आहे, हे मी नाकारत नाही. बोटे सारणाला रंग देणाऱ्या अचिओतेच्या तेलाने माखलेली होती, तो शेंदरी डाग आपल्या फाइलीत असेलच. पाहुणा जेवत असताना त्याचा कागद संशयाने वाचणे आमच्यात शोभत नाही, म्हणून मी तो वाचला नाही. ही चूक माझी, आणि ती मला जाळते. परंतु माझ्या एका चुकीपायी तेवीस बिऱ्हाडे रस्त्यावर काढण्याचा अधिकार मला नाही, तसा आपल्यालाही नाही.

४. पुरावा मागाल, तर तो आपल्या मोजणीदारांनीच नेला आहे. सगळे पास्तेलेस एकाच हंड्यात उकडतात, म्हणून प्रत्येक घर आपल्या पुडीला आपला वेगळा दोरा बांधते. एर्मिनियांची लाल लोकर, कारण त्या डुकराचे मांस खात नाहीत. शेजारी इसाबेलो यांची मासे धरायची दोरी. बेदाणे घालणाऱ्या मास्तरीणबाईंच्या दोन गाठी. माझा निळा दोरा. निघताना श्री. ओकेंदो यांना रीतीप्रमाणे प्रत्येक घराने एकेक पुडी दिली. म्हणजे चोवीस पुड्या नेल्या आणि घर लिहिले एक. खाल्ल्या अन्नाला जागावे, इतकीही अपेक्षा कार्यालयाकडून करू नये काय?

५. नव्या घराला लिफ्ट आहे. माझे गुडघे गेलेले आहेत, चार जिने मला नकोसे झाले आहेत, आणि ते घर मला हवे आहे, हे मी लपवत नाही. इसाबेलो मला म्हणाले, "तू जा गं. एकीचं तरी भलं होऊ दे." त्यांना मी जे उत्तर दिले ते सरकारी कागदावर लिहिण्याजोगे नाही.

६. सबब, चोवीस घरे, आजच्याच भाड्याने, याच वसाहतीत, लेखी मिळेपर्यंत इमारत क्र. ६ मधील एकही दार आम्ही सोडणार नाही. यंत्रे पाठवण्याआधी माणूस पाठवून दारे पुन्हा वाजवावीत. प्रत्येक दार उघडेल. या खेपेस खायला मात्र काही मिळणार नाही.

नव्या घराची किल्ली परत करीत आहे. तेवीस घरांना त्यांच्या किल्ल्या पोचल्या की चोविसावी म्हणून ती मला द्यावी. ओळख पटावी म्हणून तिला माझा दोरा बांधला आहे.

आपली नम्र, पण जागची न हलणारी,
एउदोसिया लेब्रोन
इमारत क्र. ६, घर क्र. २३
दि. २ एप्रिल

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) दोरे, तेवीस, प्रत्येकी घर क्रमांकासह.
३) किल्ली, एक. चोविसावा दोरा तिलाच आहे.