आपल्या खोलीला कुलूप नसतं

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुमचे जावई म्हणतात, माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय उपयोग. त्यांचं काय जातं सांगायला? त्या शिमग्यात आपल्याबरोबर ते नव्हते. चाळीच्या गॅलरीत पिशव्यांवर बसून मी होते, आई होती, आणि तुम्ही होतात. तुम्ही तर बसतही नव्हतात.

मला रत्नागिरीत नोकरी लागून वर्ष होत आलं होतं. शनिवारी कचेरी सुटली की एसटीने मालगुंडच्या अलीकडे आपल्या घरी, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. एका शनिवारी मी वर्तमानपत्र आणलं. मुंबईत खाडीपलीकडे नवा पार्क झाला होता, त्याचा फोटो होता. मोठमोठे पाळणे, घसरगुंड्या, होडीने जायचं. आई चुलीपुढे बांगडे भाजत होती. तिने हात पदराला पुसले, फोटो दाराच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "ह्या पाळण्यात एकदा बसायला हवं गो." बाबा, आईने कधी काही मागितलेलं तुम्हाला आठवतं? मला नाही. एवढं मात्र आठवतं, की जत्रेत हाताने फिरवायचा लाकडी पाळणा यायचा, तेव्हा ती पोरीबाळींना बाजूला सारून पहिली जाऊन बसायची. चपला पडतील म्हणून त्या तुमच्याकडे द्यायची, आणि तुम्ही त्या हातात धरून खाली उभे राहायचात, लोक हसले तरी.

मग मी कामाला लागले. कचेरीतल्या बाईंचे भाऊ बोरिवलीला राहत, त्यांच्याकडून स्टेशनजवळचा एक साधा, स्वच्छ लॉज कळला. बायकामाणसांना चालेल असा, आणि आपल्याला परवडेल असा. तिथून रिक्षाने जेट्टी, जेट्टीवरून होडी. एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांची चौकशी मी केली, लॉजवाल्याला पत्र मी टाकलं, त्याचं उत्तरही आलं. पहिल्यांदाच घरातलं काहीतरी मी ठरवत होते. मोठ्या ऐटीत पडवीत तुमच्यासमोर बसून सगळं सांगितलं, आणि तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात, "लॉज कशाला? आपली खोली आहे ना."

आपली खोली. परळच्या चाळीत गावाने मिळून घेतलेली ती एक खोली, गावातून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक गड्याची. तुम्ही गिरणीत होतात तेव्हा निम्मं आयुष्य तिथे काढलंत. मी म्हटलं, "बाबा, तिथे पुरुष राहतात. आम्ही दोघी कुठे झोपणार?" तर तुमचं सगळं आधीच ठरलेलं. "शिमग्याला सगळे चाकरमानी गावात. खोली मोकळी. पालखी आपल्या घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी निघायचं. चाकरमान्यांना आणायला सोडलेल्या जादा गाड्या परत जाताना रिकाम्या असतात, ऐसपैस बसून जाऊ." खरं सांगते, मला ते पटलं. सगळं जग एका बाजूला चाललेलं असताना आपण उलट्या बाजूला जायचं, यात तुमची हुशारीच वाटली. तरी मी विचारलं, "पण उघडायला कोणी असेल ना? चावी कुणाकडे असते?" तुम्ही हसलात. "अगो बाय, आपल्या खोलीला कुलूप नसतं. तीन पाळ्यांत माणसं येतात-जातात. कोणीतरी आत असतोच. मी तिथे होतो तेवढ्या वर्षांत दाराला कुलूप बघितलं नाही." मी म्हटलं, एकदा विचारून ठेवा. यावर तुम्ही चिडलात. "आपल्याच खोलीत जायला आता लोकांची परवानगी घेऊ?" आणि मी लॉजवाल्याला नको म्हणून कळवलं.

पालखी आली, खळ्यात नाचली, आईने ओटी भरली. मुंबईहून आलेले सगळे आपल्या पडवीत चहा पिऊन गेले. पलीकडच्या वाडीतला तो उंच पोरगाही होता, खोलीवर राहणारा. तुम्ही त्याच्याशी आंब्याच्या मोहोरावर गप्पा मारल्यात. नुसतं म्हणायचं होतं, की आम्ही उद्या मुंबईला चाललोय. पण नाही. वाडीत कळलं तर शिमगा सोडून पाळण्यात बसायला निघाले म्हणून हसतील, याची तुम्हाला लाज.

गाडी खरोखरच रिकामी होती, ते मान्य करते. आई खिडकीला बसली. दोन सीट सोडून तुम्ही आडवे झालात. सकाळी चाळीत पोचलो, जिना चढलो, आणि दाराला कुलूप. चांगलं पितळी, तळहाताएवढं. तुम्ही ते हातात घेऊन बघत राहिलात. दुसऱ्याच कुणाच्या दारात आलो की काय, म्हणून गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन आलात. शेजारची खोली खेडकडच्यांची, तिलाही कुलूप. पलीकडची चिपळूणकडच्यांची, तिलाही. सगळं कोकण शिमग्याला गेलेलं. एका दारातून एक म्हातारी बाहेर आली, तिने आम्हाला पाणी दिलं. तुम्हाला म्हणाली, "संप झाल्यापासून पाळ्या कुठल्या आता? चार पोरं राहतात, ती सणाला कुलूप लावून जातात. चावी न्हेतात बरोबर." चावी गावात होती, बाबा. आपल्या पडवीत चहा पिऊन गेली होती.

मी म्हटलं, लॉजवर चला, अजून जागा असेल. तुम्ही म्हणालात, "आपली खोली असताना बायकोला लॉजात नेऊ?" मी ओरडले. गॅलरीतले लोक बघायला लागले तरी ओरडले. "कसली तुमची खोली? तुम्हाला आत जाता येत नाही!" तुम्ही खिडकीशी गेलात, फळी जराशी उघडी होती, गजांना कपाळ लावून आत बघितलंत आणि आईला बोलावलंत. "तो कोपरा बघ. पाण्याच्या पिंपाशेजारचा. तिथे मी झोपायचो. वर ती फळी आहे ना, तिथे माझी ट्रंक." आई वाकून बघत राहिली, किती तरी वेळ. मला इतका संताप आला. एवढ्या लांब आलो ते पिंप बघायला? तिकडे खाडीपलीकडे तो पाळणा फिरत होता, आणि तुम्ही दोघं कुलूपबंद खोलीच्या खिडकीला चिकटलेले.

त्याच दिवशी परत फिरलो. आता गाडी उशिरा निघालेल्या चाकरमान्यांनी गच्च. तुम्ही आणि मी उभे, आई ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या तापलेल्या झाकणावर. घरी पोचलो तर तो उंच पोरगा बांधावर भेटला, आईने त्याला सगळं सांगून टाकलं. "काका, मागायची होती ना चावी, खिशातच होती," म्हणाला. तुम्ही हं म्हणालात आणि आंघोळीला गेलात. पार्कचं नाव परत घरात निघालं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही नाही. आईने पुन्हा मागितलं नाही, आणि मी संसाराला लागले. आई मात्र आल्यागेल्याला सांगत राहिली, "आम्ही मुंबईला जाऊन आलो. ह्यांची खोली बघितली." दर वेळी ते ऐकून माझं डोकं फिरायचं. तिला फसवलंत तुम्ही, आणि ते तिला कळलंसुद्धा नाही, असं वाटायचं.

परवा तिला घेऊन गेले. तुमच्या नातवाने फोनवर बसल्या बसल्या सगळं केलं, खोली, गाडी, तिकिटं. कुणाला विचारावं लागलं नाही, कुठे अडलं नाही. पाळण्यापाशी पोचल्यावर आईने चपला काढल्या आणि हातात घेऊन इकडेतिकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आई, इथे पायात घालूनच बसतात." तिने ऐकलं नाही, मांडीवर ठेवल्या. पाळणा वर गेला. खाली खाडी, पलीकडे नुसत्या इमारती. मला वाटलं, आता तरी ही पोरीसारखी हसेल. ती गज धरून पुढे वाकली, अगदी तेव्हा चाळीच्या खिडकीशी वाकली होती तशीच, आणि म्हणाली, "ह्यांची खोली कुठल्या अंगाला आली गो?"

ती चाळ केव्हाच पाडली, हे मी तिला सांगितलेलं नाही. त्या उंचीवरून मला परळ कुठे आणि काय कुठे, काही कळत नव्हतं. तुमचा रागही तेवढाच आला होता. मी हात लांब केला आणि म्हटलं, "ती बघ, तिकडे." पाळणा खाली येईपर्यंत ती त्याच बाजूला बघत होती. ती बाजू बरोबर होती का, बाबा, मला खरंच माहीत नाही.